डब्यातला अ‍ॅम्प्लिफायर

दैवशालाचं आणि तिच्या दिराचं वैर लग्नाच्या वरातीतच सुरू झालं. दिराचं नाव बबलू. वडीगोद्रीत हायवेला लागून त्याचं साउंड सर्व्हिसचं दुकान. मोठ्या भावाच्या वरातीला त्यानं दुकानातलं होतं नव्हतं ते टेम्पोवर चढवलं, दोन टॉप, म्हणजे कर्कश बारीक आवाजाचे स्पीकर, थेट नवरा-नवरीच्या तोंडाकडे वळवले आणि मित्रांच्या घोळक्यात उभा राहून मिक्सरवरची एकेक पट्टी वर सरकवत राहिला. दैवशालाच्या कानात दडे बसले. तिनं नवऱ्याला, कल्याणला, खुणेनं सांगून पाहिलं. तो नुसता हसला. मग ती स्वतःच पुढं झाली आणि म्हणाली, "भावजी, जरा आवाज कमी करा."

बबलूला काही ऐकू गेलं नाही. म्हणून तिला ते ओरडून सांगावं लागलं, आणि नेमकं तेव्हाच गाणं संपलं. नव्या नवरीचं ओरडणं सगळ्या वरातीनं ऐकलं. पोरं खदाखदा हसली. कोणीतरी म्हणालं, "बबल्या, आली बरं का तुझा आवाज बंद करणारी!"

बबलूनं हसून घेतलं, पण ते त्याच्या मनात रुतलं ते रुतलंच. दैवशालाही काही विसरणारी बाई नव्हती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन आल्यावर तिनं जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं, "तुमच्या दुकानाला अर्थिंगच न्हाई भावजी. एखाद्या दिवशी कोणीतरी चिकटल." बबलू ताटावरून उठून गेला.

घर खाऊनपिऊन सुखी होतं. सासरे काकासाहेब मोसंबीच्या बागेत दिवस काढत. कल्याण जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत होता. सकाळी मोटारसायकलवर जायचा, संध्याकाळी धुळीनं भरून यायचा, आणि घरात आज कोण कोणाशी बोलत नाही याची चौकशी न करता जेवून झोपायचा. दैवशाला अंबडच्या एका खाजगी आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. सासूला, उषाबाईंना, सुनेची नोकरी चालत होती. तिचा छंद चालत नव्हता.

घराच्या मागच्या बाजूला एक लहानशी खोली होती. तिथं दैवशालानं टेबल टाकलं होतं. टेबलावर सोल्डरिंगची सळई, मीटर, वायरींची भेंडोळी आणि एक जुना, करड्या रंगाचा, जर्मन बनावटीचा हेडफोन. पुण्याच्या एका माणसाकडून तिनं तो वापरलेलाच घेतला होता. तो माणूस तिला ओळखत नव्हता. फोनवर हेडफोनच्या वेड्यांचा एक ग्रुप होता, त्यातली ही ओळख. त्या ग्रुपवर दिवसभर एकच भांडण चालायचं, सगळ्यांत चांगला हेडफोन कोणता. कोणी जपानी हेडफोनच्या बंद वाट्यांतला बेस वाखाणायचा, कोणी ऑस्ट्रियातल्या जुन्या स्टुडिओ हेडफोनशिवाय दुसरं नावच घ्यायचा नाही. दैवशालाचं मत करड्या जर्मन हेडफोनच्या बाजूनं होतं आणि ती ते तावातावानं मांडायची. तिथं तिला सगळे मानायचे. ती बाई आहे हे फार थोड्यांना ठाऊक होतं.

त्या हेडफोनची एक अडचण होती. त्याला वाजवायला फोनची ताकद पुरत नसे. फोनला लावलं की गाणं दोन शेतं पलीकडून आल्यासारखं ऐकू यायचं. त्याला मधे वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागतो. हौशी माणसं तो घरीच बनवतात, आणि दैवशालानंही बनवायला घेतला होता. कॉलेजला नेण्याच्या जेवणाच्या स्टीलच्या डब्यात. धातूचा डबा असला की बाहेरची गुणगुण आत शिरत नाही.

उषाबाई हेडफोनला टोपडं म्हणायच्या. "बसली बघ टोपडं घालून. आता ढोल वाजवला तरी हिला कळायचं न्हाई."

खरं म्हणजे दैवशालाला सगळं कळायचं. तो हेडफोन उघड्या पाठीचा होता. वाट्यांना मागून जाळी होती, त्यामुळे आवाज कोंडत नसे, आणि बाहेर कोणी बोललं की तेही सरळ कानात यायचं. घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. दैवशालानं ते कोणाला सांगितलंही नाही. ती हेडफोन घालून पाठमोरी बसायची आणि स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकायची. स्वतःबद्दल काय काय ऐकलं होतं तिनं! हिच्या पगाराची घमेंड, हिची जीभ, हिला अजून लेकरू न्हाई.

एका दुपारी बबलू आईला म्हणाला, "मागची खोली मला पायजे. नवे टॉप येणार हायेत, ठेवायला दुकानात जागा न्हाई."

"ती देईल का?" उषाबाई म्हणाल्या.

"मागायचीच कामून? भिताडाला ओल आली म्हणायचं, मिस्त्री लावायचाय म्हणायचं. सामान काढून घ्यायचं. मंग परत कशाला जातं ते आत?"

दैवशाला दोन पावलांवर बसली होती. तिनं मान हलवली नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कप पुढं सरकवत ती म्हणाली, "मागच्या खोलीला ओल बिलकुल न्हाई, भावजी. मिस्त्री कशाला लावता? उगं खर्चा."

बबलूचा हात कपावरच थांबला. त्यानं आईकडे पाहिलं, आईनं त्याच्याकडे. मग दोघांनी कल्याणकडे पाहिलं. त्या दिवसापासून बबलू धरून चालला की आई कल्याणला सांगते आणि कल्याणच बायकोला घरातल्या गोष्टी पुरवतो. दोघा भावांत जे धुमसायला लागलं ते दैवशालाला दिसत होतं. एक शब्द बोलून ते तिला थांबवता आलं असतं.

बबलूनं याचा सूड लवकरच उगवला. शेजारच्या गावात हळदीचा कार्यक्रम होता. दैवशाला कॉलेजला गेलेली असताना त्यानं तिच्या टेबलावरचा हेडफोन उचलला आणि नेला. डीजेवाल्यानं गळ्यात मोठा हेडफोन अडकवला की रुबाब दिसतो. परत आणला तेव्हा एका बाजूच्या मखमली गादीवर हळदीची पाची बोटं उमटली होती आणि वायर मुळाशी पिळवटली होती. त्यानं तो उंबऱ्यातूनच टेबलावर टाकला.

"फुसका माल हाय वहिनी. ह्यात आवाजच न्हाई."

"विचारून न्यायचा होता."

"घरात काय विचारायचं? तुमी आमच्या घरात राह्यता, आमी विचारलं का कामून राह्यता?"

दैवशालानं हेडफोन हातात घेतला आणि बराच वेळ त्या पिवळ्या बोटांकडे पाहत राहिली. हळद धुऊन निघाली नाही. वायर तिनं नवीन जोडली. आवाज नाही म्हणतो, तर त्याच्या मिक्सरला हा हेडफोन झेपला नसेल, असं तिच्या मनात आलं आणि ती विसरून गेली. कपाटाला मात्र तिनं कुलूप लावलं, आणि किल्ली मंगळसूत्रात ओवली. ते पाहून उषाबाई दोन दिवस तिच्याशी बोलल्या नाहीत.

डबा तयार व्हायला उन्हाळा उजाडला. आधी त्यात भुणभुण यायची. वायरी फिरवून, जोड पुन्हा पुन्हा उकलून तिनं ती घालवली. ज्या दिवशी ती थांबली त्या दिवशी दैवशालानं नेहमीचं एक गाणं लावलं. जुनं बैठकीचं गाणं, नाचणारीच्या पायातल्या घुंगरांसह ध्वनिमुद्रित केलेलं. गाणारीनं समेवर येण्याआधी घेतलेला श्वास तिला ऐकू आला. घुंगरं डावीकडून उजवीकडे गेली. दैवशाला खुर्चीत मागं रेलली आणि तिला या घरात आल्यापासून प्रथमच आपण कुठं आहोत याचा विसर पडला.

त्याच सुमारास बबलूचे नवे टॉप आले. जुने वाजतच नाहीत अशी त्याची कुरकुर कधीपासून चालली होती. "आवाज बसलाय त्यांचा, धार गेली," म्हणायचा. दुकानापुढं मांडव घातला, टॉपला हार घातले, नारळ फोडला. मित्र आले, नात्यातली माणसं आली. पंचक्रोशीतल्या एका गावचा कारभारी नावाचा बागायतदारही आला होता. पोरीच्या लग्नाला डीजे ठरवायचा म्हणून तो खुर्ची घेऊन ऐसपैस बसला होता. बबलूचा ऑपरेटर वसंता मिक्सरवर उभा होता. दैवशाला सुट्टीमुळे घरीच होती. पेढे वाटायला तिला दुकानावर बोलावलं होतं.

बबलू रंगात आला होता. पेढ्याचं ताट पुढं आलं तेव्हा तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "आमच्या वहिनीनं बी अ‍ॅम्प्लिफायर बनवलाय बरं का! डब्यात! भाजी काढून टाकली आन् अ‍ॅम्प्लिफायर घातला!"

माणसं हसली. काकासाहेब म्हणाले, "राहू दे रे."

"राहू दे कामून? आणा की वहिनी. ह्या टॉपशेजारी लावू. बघू कुणाचा वाजतो."

दैवशालानं ताट खाली ठेवलं. न जाता चाललं असतं. पण तिलाही आता चेव आला होता. ती दुकानामागच्या घरात गेली, कपाट उघडलं, आणि डबा, हेडफोन, फोन असं सगळं घेऊन आली. दुकानाच्या टेबलावर मांडलं, बोर्डात पिन घातली, घुंगरांचं गाणं लावलं. आवाज तिनं नेहमीपेक्षा थोडा वरच ठेवला. बाहेर गर्दी होती म्हणून.

बबलूनं हेडफोन चढवला आणि नाटकीपणानं डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले.

"नुसता डग्गा वाजून राह्यला. बाकी कुठंय?"

"घुंगरं ऐका की," दैवशाला म्हणाली.

"कोणचे घुंगरं?"

तिला वाटलं तो मुद्दाम करतोय. गाण्यात त्या जागी घुंगरांशिवाय दुसरं जवळजवळ काही नव्हतं. तिनं आवाज वाढवला. जाळीतून घुंगरांचा खळखळाट बाहेर येत होता, टेबलापलीकडे उभ्या असलेल्या दैवशालाला तो स्पष्ट ऐकू येत होता.

"न्हाई," बबलू ओरडून म्हणाला. "आवाजच न्हाई ह्यात! म्या तव्हाच सांगितलं, फुसका माल हाय!" आणि त्यानं स्वतःच बटण धरून शेवटापर्यंत फिरवलं. त्याचा चेहरा तसाच राहिला. "बघा रे, बघ वसंता, तू बघ," म्हणत त्यानं हेडफोन काढून वसंताच्या डोक्यावर घातला.

वसंतानं किंकाळी फोडली. दोन्ही हातांनी हेडफोन उपटून त्यानं टेबलावर टाकला आणि कान धरून खाली बसला.

मांडवात एकदम शांत झालं. टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून घुंगरं वाजत होती, आणि ती आता कारभाऱ्याच्या खुर्चीपर्यंत ऐकू जात होती. दैवशालानं बबलूकडे पाहिलं. तो गोंधळून एकदा वसंताकडे, एकदा हेडफोनकडे बघत होता. तिच्या डोक्यात भराभर उजेड पडत गेला. तो फोन नेहमी स्पीकरवर टाकून बोलतो. माणूस बोलताना त्याच्या तोंडाकडे टक लावून बघतो. साधं मीठ मागायचं तरी ओरडून मागतो. जुन्या टॉपची धार गेली म्हणतो.

समजलं तेव्हा तिला वाईट वाटायला हवं होतं. तिला आनंद झाला. गोड, दातांना जाणवेल असा आनंद.

"डबा बराबर हाय भावजी," ती एकेक शब्द सावकाश, त्याला ओठ दिसतील असा बोलली. "तुमचे कान गेलेत."

"काय?"

"बहिरे झाले तुमी. जुने टॉप चांगले होते. तुमालाच ऐकू येत नव्हते. ह्या वसंताला विचारा."

बबलूनं वसंताकडे पाहिलं. वसंता कान चोळत उठला. त्याच्या डोळ्यांत अजून पाणी होतं, आणि बहुधा त्या कळेपायीच तो खरं बोलून गेला. "भाऊ, तुमची पाठ फिरली की मी तो बारीक, टोचरा आवाज कमी करत असतो मागून. लोकं कान धरतेत."

कोणीतरी फिस्सकन हसलं. कारभारी खुर्चीतून उठला, धोतराचा सोगा सावरला आणि काकासाहेबांना म्हणाला, "लग्नाचं बघू मंग. घरी विचारतो." लग्नाचं बघू म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं.

बबलूनं डबा उचलला. पिन बोर्डातून तटकन निघाली. तो मांडवातून चार ढांगांत रस्त्याच्या कडेला गेला आणि त्यानं डबा हायवेवर भिरकावला. तो रस्त्यावर टणटणत घरंगळला. मागून सिमेंटचा ट्रक येत होता, त्यानं हॉर्नही दिला नाही. ट्रक गेल्यावर काळ्या डांबरावर पत्र्याची एक चकाकती पोळी उरली.

दैवशालानं तोवर हेडफोन छातीशी धरला होता. बबलू परत आला तेव्हा त्याच्या तोंडून "वहिनी" गेलं होतं आणि "तुमी" सुद्धा.

"तू मला धंद्यातून उठवाय आली ह्या घरात!"

"मी आवाज कमी करा म्हणलं होतं. पहिल्याच दिवशी म्हणलं होतं!"

काकासाहेब दोघांच्या मधे उभे राहिले नसते तर त्यानं हात उचलला असता.

गोष्ट तालुक्यात पसरायला वेळ लागला नाही. बहिऱ्याचा डीजे, असं नावच पडलं. ठरलेली लग्नं एकेक करून दुसऱ्या साउंडवाल्यांकडे गेली. घरात उषाबाईंनी सुनेच्या हातचं खाणं सोडलं. त्या स्वतःच्या आणि बबलूच्या भाकरी वेगळ्या थापायच्या, आणि थापता थापता भिंतीशी बोलल्यासारखं बोलायच्या. "लेकराच्या पोटावर पाय दिला. चारचौघात दिला. असं वैऱ्याची बी बायको करायची न्हाई."

कल्याण बायकोला म्हणाला, "खरं असंल गं. पण सगळ्यांसमोर सांगायचं होतं का? घरात सांगितलं असतं."

"घरात सांगितलं असतं तर त्यानं ऐकलं असतं?"

"तसं न्हाई. तुला सांगायचंच होतं लोकात. मी तुझं तोंड बघत होतो."

तो म्हणत होता ते बरोबर होतं.

काकासाहेब बबलूला जालन्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. आल्यावर बबलू सरळ दुकानात गेला. काकासाहेबांनी ओसरीवर बसून टोपी काढली आणि सांगितलं, "बारीक आवाजाच्या नसा मेल्यात म्हणे. त्या परत येत न्हाईत. जे उरलंय ते जपा म्हणला डॉक्टर. मशीन घाला कानात, आन् डीजेपासून लांब राहा." उषाबाईंनी पदर तोंडाला लावला. आतून ऐकणाऱ्या दैवशालाला या वेळी आनंद झाला नाही. पण दुःख झालं असंही तिला म्हणता येईना.

मशीन घालायला बबलू तयार नव्हता. तिशीतल्या डीजेवाल्यानं कानात मशीन घालून मिक्सरवर उभं राहायचं, म्हणजे दुकानावर बहिऱ्याची पाटीच लावायची. त्याला दुसरंच सुचलं. एका दुपारी घरात कोणी नसताना तो मागच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. दैवशाला नवा डबा जोडत होती.

"एक काम हाय," तो म्हणाला. त्याला ते म्हणणं किती जड गेलं ते त्याच्या जबड्यावर दिसत होतं. "मला तसा एक डबा बनवून द्या. बारीक आवाज वाढवणारा. नुसता बारीक, लई वाढवणारा. मंग त्याला हेडफोन जोडून मी मिक्सर बराबर लावीन. मला ऐकू आलं पायजे, बस."

दैवशालानं सळई स्टँडवर ठेवली. असा डबा बनवणं तिला अवघड नव्हतं. दोन-तीन सुटे भाग बदलले की झालं. उंच पट्टीचे आवाज उचलायचे, इतके की मेलेल्या नसांच्या पलीकडे जे काही शिल्लक आहे त्याला ते जाऊन भिडावेत. त्याला ऐकू आलं असतं. काही महिने. मग जे शिल्लक आहे तेही गेलं असतं, आणि ते जाण्यात दैवशालाचा काही दोष दिसला नसता. त्यानंच मागितलं होतं, त्याच्याच हातानं वापरलं असतं. तिनं त्याच्याकडे पाहिलं. हळदीची बोटं आठवली, ट्रकखालचा डबा आठवला. द्यावा बनवून, असं तिला खरोखर वाटलं. थोडा वेळ तिनं ते मनात धरून ठेवलं.

"न्हाई बनवणार," ती म्हणाली.

"काय?"

"न्हाई!" ती ओरडली. "उरलेले कान जातील तुमचे. डॉक्टरनं सांगितलं ना?"

"डॉक्टरचं राहू द्या. तुमाला येतं का न्हाई बनवाया?"

"येतं."

"मंग तुला मी बुडायलाच पायजे."

"हो, पायजे!" दैवशाला उठून उभी राहिली. "मनातून वाटतं तसं. म्हणून तर बनवून द्यायला पायजे होता तुमाला! जा आता इथून."

त्याला यातलं किती ऐकू गेलं कोण जाणे. त्यानं दाराच्या चौकटीवर मूठ हाणली आणि निघून गेला.

संध्याकाळी घरभर झालं की बबलूनं हात जोडले तरी वहिनीनं नाही म्हणून सांगितलं. येत असून नाही म्हणाली. काकासाहेबसुद्धा त्या दिवशी सुनेकडे न बघता जेवले. दैवशालानं कल्याणला सगळं समजावून सांगितलं. कान म्हणजे काय, नसा कशा मरतात, तो डबा काय करील, हे सगळं. कल्याण उठून आईच्या चुलीपाशी गेला. दैवशालाला आतून त्याचा आवाज ऐकू आला, आणि तो इतका चढलेला तिनं कधी ऐकला नव्हता. "तिनं दिला असता ना आई, तर सहा महिन्यांत पोरगं ठार बहिरं झालं असतं! कळतं का तुला?"

"बायकोचं शिकून आला," उषाबाई म्हणाल्या.

बबलूनं जालन्यात एकाकडून तसला डबा करून घेतला. कोणी केला, कसा केला, ते त्यानं सांगितलं नाही. दोन-तीन लग्नं त्यानं त्या डब्याला जोडलेला हेडफोन कानाला लावून वाजवली आणि लोकांनी कान धरले नाहीत म्हणून खुशीत होता. मग एका वरातीत भर रस्त्यात त्यानं हेडफोन काढला तर कानातली शिट्टी थांबेना. कुकरची शिट्टी लागावी तशी, म्हणाला. रात्री झोपताना शिट्टी, सकाळी उठताना शिट्टी. जेवताना तो मधेच डोकं हलवायचा, कानात पाणी गेल्यासारखं.

त्याचाही दोष दैवशालाकडेच आला. "तिनं बनवला असता तर बराबर बनवला असता," बबलू आईला ओरडून सांगत होता. "तिला येत होतं! तिनं न्हाई म्हणलं म्हणून मला दुसऱ्याकडं जावं लागलं!" उषाबाई मान डोलावत होत्या. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या दैवशालाला पहिल्यांदा वाटलं की या घरात आता आपण काहीही केलं तरी ते एकाच खात्यावर पडणार.

त्या आठवड्यात कल्याणनं अंबडला दोन खोल्या बघितल्या. त्यालाही जालना तिथून जवळ पडत होतं. सामान हलवायच्या दिवशी उषाबाई बागेत जाऊन बसल्या. काकासाहेबांनी सुनेच्या हातात मोसंब्यांची पिशवी दिली आणि म्हणाले, "तुझं चुकलं न्हाई असं न्हाई. पण डबा दिला न्हाई ते बरं केलंस." बस, तेवढंच. टेम्पो बबलूचाच होता, पण वसंतानं चालवला. मिक्सरही आता वसंताच बघत होता. बबलू फक्त जनरेटर आणि माणसं सांभाळायचा.

अंबडच्या खोलीत दैवशालानं नवा डबा पूर्ण केला. आधीच्यापेक्षा तो चांगला झाला होता. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा लोकांनी कौतुक केलं, एकानं आपल्यासाठी बनवून मागितला. तिनं होकार दिला आणि लगेच दुसरा निरोप टाकला, आवाज अर्ध्याच्या वर नेऊ नका. माणसाला ते विचित्र वाटलं असणार. तिलाही आता गाणं ऐकताना बटण थोडं खाली, आणखी थोडं खाली आणायची सवय लागली होती. घुंगरं ऐकू आली की तिच्या तोंडाला चव राहत नसे. ते गाणं तिनं लावणंच सोडून दिलं.

दिवाळीआधी एका सकाळी दार वाजलं. बबलू होता. खांद्यावर ज्वारीचं पोतं, कपाळावर घाम. तो रोडावला होता. उजव्या कानामागं कातडीच्या रंगाचं छोटंसं मशीन होतं आणि त्यातून पारदर्शक नळी कानात गेली होती. त्यानं पोतं उंबऱ्याच्या आत टाकलं.

"आईनं दिलीय. तुझ्यासाठी न्हाई, कल्याणसाठी."

"मशीन लावलं का?"

"तुला काय करायचं? बघायची हौस होती ना, बघ आता." तो दारातच उभा राहून बोलत राहिला. तिनं घर फोडलं, भावाला तोडलं, त्याचा धंदा घालवला, तिच्यासारखी बाई सात गावांत नसेल. त्यात असे शब्द होते जे तो आईसमोर बोलला नसता. दैवशाला हाताची घडी घालून ऐकत होती, तोंडाशी उत्तरं तयार होती. मग तिच्या ध्यानात आलं की ती पुढं झुकून ऐकतेय. खाली गल्लीतून भाजीवाली ओरडत चालली होती, आणि तिच्या ओरडण्यात त्याचे शब्द बुडत होते. भाजीवाली जरा मोठ्यानं ओरडली तसा बबलूनं चेहरा वाकडा करून हात मशीनवर नेला.

"चहा घ्या," दैवशाला म्हणाली.

"तुझ्या हातचा न्हाई घ्यायचा." तो वळला आणि जिना उतरून गेला.

तिनं पोतं एकटीनंच ओढत आत नेलं. संध्याकाळी कल्याण आला, त्यानं पोतं पाहिलं.

"कोणी आणलं?"

"भावजी आल्ते."

"काही बोलला?"

"शिव्या दिल्या."

कल्याण बूट काढता काढता थांबला. "लई ओरडला का? शेजारी काय म्हणाले?"

"न्हाई," दैवशाला म्हणाली. "हळू बोलला." आणि ज्वारी निवडायला सूप घेऊन बसली.